देवाची दुपारची झोप

एका गावात शहाणे भरपूर होते आणि भोळा एकच होता. भोळ्याचं नाव केरबा गुरव. शहाण्यांची नावं सांगत बसलो तर गोष्ट राहून जाईल.

गावाचा देव भैरोबा. त्याची पूजा केरबाच्या चुलत्याकडे आणि सनई केरबाकडे. रोज रात्री जेवणं झाली की केरबा देवळाच्या पायरीवर बसून शेजेची धून वाजवी. ही देवाला निजवायची धून. ती सुरू झाली की चुलता, आप्पा गुरव, देवापुढचा पडदा ओढून घेई. दुकानदार फळ्या लावी. बायका चूल विझवत. गोठ्यात म्हशी खाली बसत. गावात घड्याळं होती, पण ती एकमेकांशी जुळत नसत. धून मात्र एकच होती. ती संपली की देवापाशी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, आणि पहाटे केरबाच्या सनईवर काकडा वाजल्याशिवाय देवाला उठवायचं नाही, असा रिवाज होता.

ही धून केरबाला कुणी शिकवली नव्हती. लहानपणी बापाच्या मांडीवर पेंगता पेंगता ती त्याच्यात शिरली आणि तिथंच राहिली.

पालखीची धून वेगळी. ती वर्षातून एकदाच, जत्रेला वाजायची. ती बाप वाजवायचा. पावसाळ्यात बाप वारला आणि ती धूनही गेली.

जत्रा जवळ आली तसं दौलतराव पाटलांनी केरबाला चावडीवर बोलावलं.

"केरबा, पालखीची धून येती का?"

"न्हाई, पाटील."

"मंग येतंय काय?"

"शेजेची येती."

"तिच्यावर पालखी काढू? भोई झोपतील की रं वाटंत!"

चावडी हसली. केरबाही हसला. कशाला हसायचं ते कळलं नाही तर सगळ्यांबरोबर हसावं, एवढं तो शिकला होता.

पाटील म्हणाले, "हे बघ. यंदा पालखीपुढं धून नीट वाजली तर मान तुझा. न्हाई वाजली तर माझा मेव्हणा जालिंदर बँजो पार्टी घिऊन तयारच हाय."

मान म्हणजे पालखीपुढं चालायचं, पहिला नारळ घ्यायचा आणि गावाकडून भगवा फेटा बांधून घ्यायचा. केरबाच्या बापाचे असे सगळे फेटे त्याच्या आईनं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवले होते. आईचं नाव गोजराबाई. तिनं बातमी ऐकली आणि पदर खोचला.

"त्या जालिंदरच्या टकलावर आपला फेटा? मी जित्ती हाय तवर न्हाई!"

तिनं आपल्या भावाला बोलावून घेतलं. नरसूमामा केरबाच्या बापाबरोबर वर्षानुवर्षं संबळ वाजवत आला होता. पालखीची धून त्याला अंगाईसारखी पाठ होती. दात पडल्यामुळं सनई फुंकता येत नव्हती, पण तोंडानं धून म्हणून दाखवता येत होती. मधे मधे थुंकी उडायची, तेवढी वाचवून बसायचं.

केरबा शिकायला लागला. मामानं धुनीचा पहिला तुकडा म्हटला. केरबानं वाजवला. चुकला. परत वाजवला. परत चुकला. सकाळ गेली, दुपार गेली. गालाचे फुगे झाले, ओठ सुजले, आणि तुकडा सकाळपेक्षा वाईट वाजायला लागला. शेजारच्या रेडकानं दूध पिणं सोडलं.

मामा म्हणाला, "थांब. आता नगं फुंकूस. झोप जा."

"झोपू? मामा, शिकायचं हाय की!"

"आरं, जागेपणी नुसतं आत जातं. मुरतं ते झोपंत. लोणचं घातल्या घातल्या खातंय का कुणी? बरणी झाकून ठेवायची. शिकलेलं बी तसंच. ध्यानात ठेवायचं असंल तर झोपावं."

केरबाला पटलं. पटायला त्याला कधीच वेळ लागत नसे. तो झोपला.

सकाळी उठून त्यानं सनई तोंडाला लावली आणि पहिला तुकडा सरळ, स्वच्छ, एकाही ठेचेशिवाय बाहेर आला. केरबानं सनईच्या आत डोकावून बघितलं. आत कुणी नव्हतं.

"मामा, खरंच मुरलं की वो!"

तेव्हापासून झोपेवर त्याचा जो विश्वास बसला तो देवावरही नव्हता.

त्याच दिवशी गोजराबाईनं चुलीवर दूध ठेवलं. शेजारणीकडे विरजण आणायला जाताना ती म्हणाली, "केरबा, दूध वर आलं की खाली उतरव. ध्यानात ठेव. इसरू नगंस."

ध्यानात ठेवायचं म्हटल्यावर काय करायचं हे केरबाला कालच कळलं होतं. तो चुलीपुढं आडवा झाला आणि घोरायला लागला.

दूध वर आलं. थोडा वेळ त्यानं वाट बघितली असावी. मग ते चुलीत गेलं, राखेत गेलं, आणि उरलं ते केरबाच्या धोतराखाली गेलं.

"मुडद्या! दूध कुठं हाय?"

केरबा उठून बसला. "दूध वर आलं की खाली उतरवायचं. बघ, ध्यानात हाय. एक शबूद इसरलो न्हाई."

गोजराबाईनं कपाळाला हात लावला. "आरं, हातातलं काम आधी पुरं करावं. काम संपलं की मंग झोपावं!"

"चुकलं, आई. परत न्हाई व्हायचं."

हे त्याचं बोलणं खरं असे. केरबा एक चूक दोनदा करत नसे. गावाला त्याच्याबद्दल तेवढंच एक समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी पाटलांची पितळी घागर आडात पडली. जालिंदर तेव्हा गावातच होता. आपला ट्रॅक्टर आणि त्यामागची बँजोची ट्रॉली कुठल्या गल्लीतून जाईल ते बघायला तो आला होता. अंगानं भरलेला, बोलण्यात त्याहून भरलेला.

"घागरीचं काय यवढं? मी काढतो," तो म्हणाला. कमरेला दोर बांधला. समोरून केरबा चालला होता. "ए सनईवाल्या, हिकडं ये. मला खाली सोड."

केरबानं दोर रहाटावर घेतला आणि त्याला हळूहळू खाली सोडलं. काम चोख केलं. जालिंदरला कुठं खरचटलंसुद्धा नाही.

खालून आवाज आला, "पोचलो!"

काम संपलं. केरबानं दोर कडुनिंबाला बांधला आणि सावलीत झोपला. सकाळी मामानं धुनीचा दुसरा तुकडा दिला होता, तोही मुरायचा होता.

खाली जालिंदर छातीभर पाण्यात घागर डोक्यावर घेऊन उभा. आधी त्यानं हाक मारली. मग शिव्या दिल्या. मग गावातल्या सगळ्या देवांची नावं घेतली. शेवटी नुसताच ओरडत राहिला. आडातून ओरडलं की आवाज घुमतो. तिन्हीसांजेला एक बाई पाण्याला आली, तिनं पोहरा सोडला, आणि तो आतल्या कुणीतरी धरला. ती जी पळत सुटली ती माहेरी जाऊनच थांबली म्हणतात.

पाटील माणसं घेऊन आले. जालिंदरला वर काढलं. त्याची बोटं भिजलेल्या पोह्यांसारखी झाली होती.

"केरबा!" पाटील गरजले. केरबा डोळे चोळत उठला.

"काय पाटील?"

"पाव्हण्याला आत सोडून झोपलास?"

"सोड म्हणाले, सोडलं. काम संपलं."

जालिंदर शिंकत म्हणाला, "वर काढ म्हणून बोंबलत हुतो की रं दिसभर!"

"तवा मी झोपलो हुतो, पाव्हणं. झोपायच्या आधी सांगायचं."

घरी मामानं त्याला समोर बसवलं. "भाच्या, आपलं काम संपून भागत न्हाई. दुसऱ्याचं बी संपलं का ते बघावं. तवर डोळ्याला डोळा लावू नये. कळलं?"

केरबाला पटलं.

त्या दिवशी शेजेची धून वाजवून झाल्यावर सनई कमरेला खोचून तो निघाला, कुणाकुणाचं काम राहिलंय ते बघायला. कुंभाराची भट्टी पेटलेली होती. केरबा भट्टी विझेपर्यंत बसला. भट्टी विझली तर तेल्याची म्हैस विणार होती. तो म्हशीपाशी बसला. म्हैस व्याली, तर दूधवाल्याची धार काढायची वेळ झाली. मग शेतकरी उठले. मग शाळा. मग बाजार. गावात सगळ्यांचं काम एकाच वेळी संपलंय असं कधी होतच नाही, हे केरबाच्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका म्हाताऱ्याला तर तो विनवायला लागला, "आबा, तुमचा खोकला संपला की मी झोपंन. वाईच घाई करा."

असे काही दिवस गेले. केरबाचे डोळे पळसाच्या फुलासारखे लाल झाले. तो खांबाला 'सरका' म्हणायला लागला. मामानं शिकवायला बसवलं तर त्यानं सनईचं रुंद तोंड ओठाला लावलं आणि बारीक टोक मामाकडं केलं.

"पयला तुकडा वाजव."

"कसला पयला?"

"पालखीचा रं!"

"कुणाची पालखी?"

तेवढ्यात गोजराबाई चहा घेऊन आली. केरबा उठून उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "बसा मावशी, आई आत हाय."

गोजराबाईनं चहा तसाच खाली ठेवला. "नरसू, पोरगं हातचं गेलं. मानबी गेला."

जत्रा तोंडावर आणि भाच्याच्या डोक्यातून धून तर धून, आईसुद्धा गेलेली. पण म्हातारा अनुभवी होता. त्यानं केरबाला घोंगडीवर ढकललं.

"जागरणानं शिकलेलं गळतं, फुटक्या रांजणातल्या पाण्यागत. आता मनसोक्त झोप. आन ऐक. झोप मधी मोडायची न्हाई. अर्धवट झोपंत अर्धवटच मुरतं. झोपल्या माणसाला कुणी हलवू बी नये."

केरबाला हे पटेपर्यंत झोप लागली होती. पण बहुतेक झोपेतच पटलं.

तो सकाळपासून दिवस कलेपर्यंत झोपला. उठला, आईला आई म्हणाला, भाकरी खाल्ली आणि सनई उचलली. पहिला तुकडा आला. दुसरा आला. मग जो तिसरा त्यानं जागरणाच्या दिवसांत नुसता ऐकला होता, एकदाही नीट वाजवला नव्हता, तोही चाचपडत आला. मामाचा बोळका जबडा उघडाच राहिला. गोजराबाईनं ट्रंक उघडून फेट्यांना ऊन दिलं.

एवढ्यावर गोष्ट संपती तर बरं झालं असतं. पण जत्रेच्या आदल्या दिवशी पाटील देवळात आले.

त्यांना तालुक्याला जायचं होतं. बँजो वाजवायची तर लाऊडस्पीकरला परवानगी लागते. ती द्यायला साहेब खळखळ करत होते. साहेबाला काय सांगायचं ते पाटील देवळाच्या मंडपात बसून घोकत होते. "साहेब, गावची परंपरा आहे... साहेब, लोकभावना आहे..." घोकता घोकता त्यांना जांभई आली. गुडघाही ठणकत होता. ते खांबाशी आडवे झाले.

"केरबा, मी वाईच कलंडतो. एस्टी आली की मला उठव."

"व्हय पाटील."

पाटील घोरायला लागले. केरबा शेजारी बसून माश्या वारू लागला. आपला मान काढून घ्यायला निघालेल्या माणसाच्या माश्या आपण वारतोय, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याला एवढंच दिसत होतं की पाटील काहीतरी पाठ करत होते आणि आता ते मुरत होतं.

एस्टी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. केरबा धावत बाहेर गेला आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "हळू! पाटील झोपल्यात."

"त्यांना यायचं न्हाई का?"

"यायचं हाय. पर अजून मुरलं न्हाई."

ड्रायव्हर त्या रस्त्यावर नवा होता. त्यानं पुढं काही विचारलं नाही. एस्टी गेली.

पाटील उठले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

"एस्टी?"

"येऊन गेली."

"मला उठवलं का न्हाईस?"

"तुमी सायबाला सांगायचं घोकत हुता. मधी उठवलं असतं तर अर्धंच ध्यानात राह्यलं असतं. आता बघा म्हणून."

पाटलांनी तोंड उघडलं. सगळं तोंडपाठ होतं, परंपरा आणि लोकभावनेसकट. फक्त ऐकायला साहेब नव्हता आणि दुसऱ्या दिवशी कचेरीला सुट्टी होती.

"केरबा," पाटील दात खाऊन म्हणाले, "हे मी मरंपतोर इसरायचो न्हाई! भोंगा नसला तर नसला, जालिंदर बिनभोंग्याचा वाजवील. उद्या तुझा एक सूर जरी हिकडचा तिकडं झाला, तर फेटा त्याच्या डोक्यावर. समजलं?"

"समजलं. झोपतो लगी."

जत्रेचा दिवस उजाडला. केरबा पोटभर झोपून उठला. मामानं कानात शेवटचं सांगितलं, "आज नवं कायबी करू नगंस. जे येतंय तेच वाजव."

केरबाला पटलं.

दुपारी पालखी निघाली. पुढं केरबा, शेजारी संबळावर मामा, मागं भोयांच्या खांद्यावर भैरोबा, पालखीच्या कडेनं आप्पा गुरव आणि भोवती गाव. गल्लीच्या तोंडाशी जालिंदरचा ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत त्याची सगळी पार्टी लाल कोट घालून, बोटं वाद्यांवर ठेवून केरबा कधी चुकतो याची वाट बघत बसलेली. आदल्या रात्रभर एका वरातीत वाजवून आलेली, त्यामुळं वाट बघता बघता पेंगत होती.

केरबानं सनई तोंडाला लावली.

पहिला तुकडा गेला. दुसरा गेला. बाया दुतर्फा पुढं येऊन पालखीला हात लावत होत्या आणि देवाच्या कानाशी आपापले नवस सांगत होत्या. कुणाला नातू हवा होता, कुणाच्या जावयाची दारू सुटायला हवी होती. पाटलांनी सकाळीच देवाला सांगून ठेवलं होतं: गुडघा बरा झाला तर चांदीचा गुडघा वाहीन.

तिसरा तुकडा चढत गेला. पालखी पाटलांच्या उकिरड्यापाशी आली तेव्हा धून अशी वर गेली की म्हातारी माणसं थबकली. ही केरबाच्या बापाची धून होती. तसाच दम, तसाच शेवटचा हेलकावा. गोजराबाईनं पदर तोंडाला लावला. जालिंदरनं बोटं वाद्यावरून काढली. एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता.

पाटील पुढं आले. त्यांचेही डोळे भरले होते. आडातला मेव्हणा, चुकलेली एस्टी, मरेपर्यंत न विसरायचं ते सगळं ते विसरले. त्यांनी स्वतःच्या हातानं केरबाच्या डोक्याला भगवा फेटा बांधला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"शाबास केरबा! मान तुझाच. आजची सनई सबंध गावाच्या ध्यानात राह्यली पायजे!"

केरबा थांबला. "सबंध गावाच्या?"

"सबंध गावाच्या!"

"ध्यानात राह्यली पायजे?"

"राह्यलीच पायजे!"

मामानं त्याची बाही धरली. "भाच्या, नगं—" एवढंच तो म्हणू शकला. केरबा एक चूक दोनदा करत नसे. पण दूध एका माणसानं झोपून सांडलं होतं. इथं गावच्या गाव होतं, आणि हे पाटलांचं सांगणं होतं. शिवाय नवं काही करायचं नव्हतं. जे येत होतं तेच वाजवायचं होतं.

केरबानं सनई उचलली आणि शेजेची धून सुरू केली.

भोयांनी विचार केला नाही. भोई विचार करत नसतात. त्यांचे बाप-आजे ज्या धुनीवर आडवे झाले ती धून कानात पडली आणि त्यांनी पालखी हळूच खाली टेकवली, उकिरड्याच्या कडेला. आप्पा गुरवाचा हात आपोआप वर गेला आणि त्यानं पालखीचा पडदा ओढला. दुकानदारानं जांभई दिली आणि फळ्या लावायला निघाला. कडेवरच्या पोरांनी माना टाकल्या. बाया चूल विझवायला घराकडं वळल्या. उकिरड्यापलीकडच्या गोठ्यात एकेक म्हैस खाली बसली. ट्रॉलीतली बँजो पार्टी तर आधीच एकमेकांच्या खांद्यावर कलंडली होती.

भर दुपारी, जत्रेच्या दिवशी, गाव झोपलं.

पाटील उभे होते. ते पाय आपटून ओरडणार, एवढ्यात आप्पा गुरवानं तोंडावर बोट ठेवलं. "श्श! शेज झालीया."

मग पाटील कुजबुजत ओरडले. कुजबुजत ओरडणं अवघड असतं, मानेच्या शिरा तेवढ्या दिसतात.

"उठव! देवाला उठव!"

केरबा कुजबुजला, "काकडा झाल्याबिगर कसं उठवू?"

"मंग वाजव काकडा!"

"काकडा पहाटं असतुय, पाटील."

"आरं, देव माझ्या उकिरड्यावर निजलाय! गावोगावचे पाव्हणे काय म्हणतील?"

केरबानं पाटलांना बाजूला घेतलं आणि मामानं त्याला समजावलं होतं तितक्याच मायेनं समजावलं. "पाटील, देवानं आत्ता किती नवस ऐकल्यात बघा. यवढं सगळं मुरायला नगं? मधीच उठवला तर निम्मं इसरंल. आता कुणाचं राहील आन कुणाचं जाईल, हे मी कसं सांगू?"

पाटलांनी डावा गुडघा वाकवून बघितला. ठणकला.

आजूबाजूला ज्या बाया अजून घरी पोचल्या नव्हत्या, त्याही थबकल्या. एकीला नातू आठवला, दुसरीला जावई. सगळ्या पाटलांकडं बघायला लागल्या.

पाटील खाली बसले, उपरण्यानं पालखीवरच्या माश्या वारू लागले, आणि अगदी हळू म्हणाले, "झोपू दे."

देव पहाटेपर्यंत उकिरड्यावर राहिला. पालखी वाटेत असल्यामुळं ट्रॉलीला पुढं जाता येईना, आणि शेज झाल्यामुळं वाजवताही येईना. बँजो पार्टी गावात आली आणि गप्प बसून परत गेली. असं त्यांच्या धंद्यात पहिल्यांदाच झालं.

पाटलांचा गुडघाही बरा झाला. दुपारपासून पहाटेपर्यंत जागचे हलले नव्हते, त्यानं कुणाचाही झाला असता. पण पाटलांनी चांदीचा गुडघा वाहिला, आणि इथून पुढं सूत्रं शहाण्यांच्या हाती गेली.

दुसऱ्या वर्षी जत्रेला पालखी उकिरड्यापाशी आली तशी भोयांनी ती न सांगताच टेकवली. उकिरडा तिथं राहिला नव्हता. तिथं फरशी बसवून कट्टा बांधला होता आणि पाटलांना शेण टाकायला गावाबाहेर जावं लागत होतं. एका पाहुण्यानं विचारलं, "हे काय?" पाटील म्हणाले, "देवाची दुपारची झोप. बापजाद्यांपासनं चालत आलीया." आप्पा गुरवानं मान डोलावली. केरबा म्हणाला, "न्हाई वो, गेल्या साली माझ्याकडनं—" तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. भोळा माणूस, त्याला परंपरेतलं काय कळतं?

केरबाला पटलं. त्यानं शेजेची धून वाजवली. गाव झोपलं. मग त्याच्या मनात आलं की परंपरा एवढी जुनी असेल तर आपल्याही ध्यानात राहिली पाहिजे. फेटा उशाला घेऊन तो पालखीशेजारी झोपला.

पहाट झाली. काकड्याची वेळ झाली. गाव अंघोळ करून कट्ट्याभोवती जमलं. केरबा उठला नाही.

"हलवा त्याला," पाटील कुजबुजले.

"आन अर्धवट उठला तर?" आप्पा गुरव कुजबुजला. "काकडा अर्धाच ध्यानात राह्यला तर? देव निम्माच उठायचा!"

हे सगळ्या शहाण्यांना पटलं. पटायला वेळ लागला नाही. सगळे खाली बसले. ऊन आलं, ऊन गेलं, पाटलांनी दोघांच्याही माश्या वारल्या.

गाव अजून बसलेलंच आहे. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा, पण हळू. केरबा उठायचा आहे.